नाचातून सर्कस, विदूषकी आणि विनोदाकडे: आधी सात मिनिटांचा एक आयटम

प्रश्न विचारणाऱ्या ताई सोलापूरच्या, वय 24. दहा वर्षं भरतनाट्यम शिकल्या आहेत, शाळेत असताना दोरीचा मल्लखांब केला आहे आणि सध्या शाळांच्या गॅदरिंगचे नाच बसवून देतात. त्यांचं विचारणं असं: नाच सोडून सर्कसकडे वळावं का, विदूषकी शिकता येते का आणि कुठे, स्टँडअप कधी सुरू करावं, आणि सोलापुरात राहून यावर पोट भरेल का?

नाच सोडू नका. पुढची दोन वर्षं तुमचं घर त्यावरच चालणार आहे, आणि पुढे जे काही कराल त्यात पायांची समज तिथूनच येणार आहे. क्रमाचं म्हणाल तर तो शरीर ठरवतं. उंचीवरून सुटणं, उलटं लटकणं, हातांवर चालणं यासाठी खांदे आणि मनगटं तयार व्हायला दीड-दोन वर्षं लागतात, आणि ही तयारी पस्तिशीत सुरू करण्यापेक्षा आता करणं सोपं. विदूषकी त्याच्याबरोबरच सुरू करा, तिला वयाची अडचण नाही. उलट चेहऱ्यावर वय आलं की ती जास्त खुलते. तोंडी विनोद शेवटी, पण लिहायला आजपासून लागा.

यात बहुतेकांची गाडी एका ठिकाणी अडते. थोडं जगलिंग, थोडं सिल्क (वरून टांगलेल्या कापडावरची कसरत), एक मुखवट्यांची कार्यशाळा, दोन ओपन माइक असं गोळा करत जातात, आणि पाच वर्षांनी कुणी "काय करता ते दाखवा" म्हटलं की दाखवायला सलग असं काही नसतं. या धंद्यात विकला जातो तो आयटम: सहा ते सात मिनिटांचा, सुरुवात-मध्य-शेवट असलेला, कुठल्याही स्टेजवर अर्ध्या तासात उभा राहणारा. आपल्याला काय काय येतं याची यादी कुणी विकत घेत नाही. असे दोन आयटम तयार असले की काम मिळतं, चार असले की स्वतःचा तासाभराचा प्रयोग होतो. म्हणून जे शिकाल ते कोणत्या आयटमसाठी शिकताय, हे आधी ठरवा.

वयाची भीती असेल तर थोडा मागचा हिशेब बघा. 1768 मध्ये फिलिप ॲस्टलीने लंडनमध्ये घोड्यांचे खेळ सुरू केले. त्यातूनच पुढे 42 फुटांचं, म्हणजे सुमारे 13 मीटरचं रिंगण रूढ झालं, कारण धावत्या घोड्यावर उभ्या माणसाला तेवढ्या वळणात तोल सांभाळता येतो. आपल्याकडे विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, मागोमाग म्हैसाळच्या देवलांची आली. सर्कस या देशात मराठी माणसाने रुजवली, असं म्हणायला हरकत नाही. मोठा बदल झाला तो 1998 च्या अधिसूचनेने. वाघ, सिंह, बिबळे, अस्वलं, माकडं यांचे खेळ बंद झाले आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. 2011 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने मुलांना सर्कशीत कामाला ठेवणंही बंद झालं. पूर्वी पाचव्या-सहाव्या वर्षी तंबूत आलेल्या पोरांशी स्पर्धा असायची, आता भारतीय सर्कशीत नवा कलाकार मोठा होऊनच येतो. त्यामुळे 24 हे वय उशिराचं राहिलेलं नाही. शिवाय प्राणी गेल्यावर प्रेक्षक टिकवायचा सगळा भार माणसांवर आला. जाळी बांधून होईपर्यंत वेळ काढणं हे विदूषकाचं जुनं काम, पण आता त्याच्याच आयटमला लोक थांबतात.

आता तुमच्या शरीराकडे येऊ.

दोरीच्या मल्लखांबामुळे दोन गोष्टी तुमच्याकडे आयत्या आहेत. डोकं खाली गेल्यावर घाबरायचं नाही ही एक, आणि अंगठा व शेजारचं बोट यांत दोरी पकडायची सवय ही दुसरी. सिल्कवर नव्याने येणाऱ्यांना या दोन गोष्टींनाच सहा महिने लागतात. फरकही लक्षात घ्या. मल्लखांबाची दोरी बारीक आणि सुती असते, तिला गाठ मारायची नसते, अढी, म्हणजे पायांची पकड, पक्की बसली की अंग तिला चिकटून राहतं. सर्कशीचा दोर बराच जाड असतो, त्यावर बोटांची पकड पुरत नाही, पायाला वेढा घ्यावा लागतो. सिल्कचं कापड ताणलं जातं, म्हणून सुटून थांबताना तुम्ही अंदाजापेक्षा हातभर खाली येता. तिसरा फरक दमाचा. स्पर्धेतला संच साधारण दीड मिनिटात आटोपतो आणि आयटम पाच मिनिटांच्या पुढे जातो. अडीच मिनिटांनी कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येतो, बोटं उघडायला लागतात, आणि अपघात बहुतेक तिथेच होतात. म्हणून आयटम रचताना दर चाळीस-पन्नास सेकंदांनी एक अशी जागा ठेवा जिथे वजन पायाच्या वेढ्यावर असेल आणि हात मोकळे असतील. भरतनाट्यमचा अभिनय नेमका तिथे वापरता येतो.

भरतनाट्यमने पाय, कान आणि चेहरा दिला, पण खांद्यांवर वजन कधी टाकलं नाही. हात खांद्याच्या रेषेत तासन् तास धरता येणं वेगळं आणि त्याच हातांवर पंचावन्न किलो पेलणं वेगळं. उंचीवर जाण्याआधी एवढं जमलंच पाहिजे: खांदे कानांपासून खाली ओढून बारला एक मिनिट लटकणं, झोका न घेता पाच पुलअप, लटकून गुडघे छातीला दहा वेळा, आणि जमिनीवरून उडी न मारता सावकाश उलटं होणं. खांदे सैल सोडून लटकलात तर सगळा ताण सांध्यावर येतो, आणि दंडाच्या पुढच्या बाजूची शीर दुखायला लागली की ती महिनोन् महिने जात नाही. एक दिवस लटकण्याचा, एक हातांवर उभं राहण्याचा, एक नाचाचा अशी आलटापालट ठेवा. रोज सिल्क करणारी मुलं तिसऱ्या महिन्यात फिजिओथेरपिस्टकडे दिसतात.

हातांवर उभं राहायला भिंत घ्या, पण पोट भिंतीकडे करून. नर्तकींची छाती पुढे आणि कंबरेत बाक असतो. पाठ भिंतीकडे ठेवली की तो बाक वाढतो, आणि शरीर कमानीसारखं झालं की मनगटं बोलायला लागतात. पोट भिंतीकडे असलं की बरगड्या आपोआप आत जातात. एक मिनिट स्थिर राहिलात की मगच भिंत सोडायची.

सोलापूरच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला नको. पारा बेचाळिसावर गेला की पत्र्याच्या हॉलमध्ये दहा वाजता सिल्क पकडणं म्हणजे ओल्या हाताने साबण धरणं. एप्रिल-मेमध्ये उंचीवरचा सराव सकाळी साडेआठच्या आत संपवा, बाकी दिवस लवचीकपणा, जगलिंग, लिखाण. घामासाठी सिल्कवर राळेची पूड आणि बारवर मॅग्नेशियमची पांढरी पूड वापरतात. त्यांची अदलाबदल करू नका, पांढरी पूड कापडावर पडली की ते आणखी सरकतं.

दोर-कापड टांगणं हा वेगळाच विषय आहे आणि इथे मी अजिबात सूट देणार नाही. पंचावन्न किलोची मुलगी वेढा सोडून खाली येते आणि थांबते, त्या क्षणी वरच्या टोकावर तिच्या वजनाच्या चार-पाच पट ओढ बसू शकते, म्हणजे सव्वादोनशे ते पावणेतीनशे किलो. मंगल कार्यालयातला पंख्याचा हुक, मंडपाचा बांबू, शाळेच्या स्टेजवरचा पडद्याचा पाइप, लोखंडी गेटची कमान यांतलं काहीही यासाठी बनवलेलं नाही. "मागच्या वर्षी एकाने केलं होतं" हे आयोजकाचं वाक्य ऐकलं की तो आयटम रद्द करून जमिनीवरचा करा. कॅराबिनर, म्हणजे कापड अडकवायची झापेची कडी, स्टीलचा आणि त्यावर किलोन्यूटनचा आकडा कोरलेला घ्या. 22 किलोन्यूटन म्हणजे साधारण 2200 किलो, पण तो आकडा लांबीच्या दिशेचा असतो. आडवा ओढला गेला तर तोच कॅराबिनर सातच्या आसपास येतो. टांगल्यावर तो आडवा वळलेला नाही ना, हे खालून मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघता येतं. गिरकी असेल तर मध्ये स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी कडी, हवा, नाहीतर पीळ कापडात भरतो. कापड दुहेरी टांगायचं, त्यामुळे पाच मीटर उंचीला साधारण बारा मीटर लागतं. ते खास एरियलसाठी, म्हणजे उंचीवरच्या कसरतींसाठी, विणलेलं नायलॉनच हवं. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापडबाजारात कितीही छान जॉर्जेट मिळालं तरी त्याचा ड्रेस शिवा. दर प्रयोगाआधी कापड पूर्ण लांबीवर बोटांतून फिरवून बघा. गाद्यांची जाडी वीस सेंटिमीटरच्या खाली नको. स्वतंत्र उभा राहणारा फ्रेम आणि तो उभारणारा जाणकार माणूस मिळेपर्यंत तुमचा आयटम जमिनीवरचाच ठेवा. सुरुवातीला तसंही ते बरं. गड्ड्याच्या जत्रेत, शाळेत, लग्नात उंची कुठेच मिळत नाही.

जगलिंगसाठी बाहेरून काही मागवायची गरज नाही. घट्ट विणीच्या सुती कापडाचे चार तुकडे शिवून साडेसहा-सात सेंटिमीटर व्यासाचा गोळा करा आणि आत ज्वारी भरा. असा गोळा 110 ते 130 ग्रॅमचा होतो, आणि हाताला नेमकं तेवढंच वजन हवं असतं. गच्च भरू नका. थोडी मोकळीक ठेवली की गोळा तळव्यात बसतो आणि खाली पडला तर घरंगळत नाही. ज्वारी आधी फुग्यात भरा, नाहीतर पावसाळ्यात सोंडे होतात. शिकताना पलंगासमोर उभं राहा, पडलेले गोळे उचलायला वाकावं लागत नाही. नवशिक्यांचं एकच चुकतं: दुसरा गोळा वर फेकण्याऐवजी या हातातून त्या हातात आडवा देतात. दोन्ही फेकी डोळ्यांच्या थोड्या वर, एकाच उंचीला गेल्या पाहिजेत. पहिला शिखरावर असताना दुसरा सोडायचा. नाचामुळे लय तुमच्याकडे आहेच, तीन गोळे काही आठवड्यांत येतील. पाच गोळ्यांच्या मागे लागू नका. प्रेक्षकाला तीन आणि पाचमधला फरक दहा सेकंद आवडतो, पुढे त्याला तुमचा चेहरा बघायचा असतो.

आता विदूषकी. हिच्यावर जास्त लिहितो, कारण नर्तकांना ती सगळ्यांत जड जाते. नाचात चूक झाली तर लपवायची असते: हसरा चेहरा तसाच ठेवायचा आणि पुढच्या समेवर पकडायचं. विदूषकाचं सगळं भांडवल ती चूकच. चूक झाली की थांबायचं, प्रेक्षकांकडे बघायचं, आपण काय केलं ते त्यांना दिसलंय हे आपल्याला कळलंय असं त्यांना कळू द्यायचं, आणि मग पुन्हा कामाला लागायचं. हात जाईल तिथे नजर, हे तुमच्या अंगात मुरलंय. इथे नजर आधी वस्तूकडे, मग लोकांकडे, मग पुन्हा वस्तूकडे, आणि हात सगळ्यांत शेवटी. आरशासमोर हे शिकता येत नाही. चार माणसं समोर बसवा, रिकाम्या हाताने आत या, मध्यभागी उभ्या राहा आणि दोन मिनिटं काहीही "करून दाखवू" नका. कुणी हसलं तर त्याच्याकडे बघा. कुणीच हसलं नाही तर तेही मान्य करून दाखवा. पहिल्या काही वेळा तुम्ही मुद्रा धराल, डोळे मोठे कराल, ओठ वाकडे कराल. ते सगळं हळूहळू गळून पडेपर्यंत हा सराव करायचा.

एक आयटम उलगडून दाखवतो, म्हणजे रचना कळेल. एका बाईला चादरीची घडी घालायची आहे, एवढीच गोष्ट. चादर सोलापुरी, डबल बेडची, साधारण 90 बाय 100 इंचांची. तुमची उंची पाच फूट दोन इंच धरली तर दोन्ही हात ताणून 62 इंच भरतात. म्हणजे 90 इंच रुंदीचं एक टोक सुटणारच, आणि हात वर केले तरी लांबी जमिनीवर लोळणारच. विनोद या मापात आधीच आहे, तो चेहऱ्याने निर्माण करावा लागत नाही. सिंगल चादर घेतलीत तर घडी होऊन जाईल आणि आयटम पडेल.

पहिली चाळीस सेकंदं: स्टुलावर तीन चादरी नीट घडी करून ठेवलेल्या आहेत, तुम्ही चौथी विस्कटलेली घेऊन येता, त्या तिघींकडे बघता, लोकांकडे बघता. तुम्हाला काय हवंय ते एवढ्यात सगळ्यांना कळलं पाहिजे, कळलं नाही तर पुढचं सगळं वाया. मग दोन मिनिटांपर्यंत घडीचे तीन प्रयत्न. पहिल्यांदा टोक सुटतं, दुसऱ्यांदा जास्त काळजी घेऊनही तसंच सुटतं, तिसऱ्यांदा ते सुटायच्या आत पायाच्या अंगठ्यात पकडलं जातं. तुमचा मल्लखांब इथे कामाला येतो, आणि टाळी पडते कारण कुणाला ती युक्ती सुचलेली नसते. पण आता एक पाय वर अडकलाय, उडी मारत तोल सांभाळावा लागतो आणि चादर डोक्यावरून खाली येते. पुढचं दीड मिनिट तुम्ही चादरीखाली. बाहेर फक्त हात. त्या हातांना अलपद्म, मयूर अशा सगळ्या मुद्रा करू द्या, जणू चेहरा दिसत नाही म्हणून हातच ओळख करून देतायत. आत दिसत काहीच नाही, म्हणून स्टेजच्या कडेपासून तीन फूट आत टेपखाली सुतळी चिकटवून ठेवा, अनवाणी पायाला ती लागली की थांबायचं.

साडेतीन मिनिटांनंतर प्रेक्षकांतून एकाला बोलवायचं. हात वर करून "मी, मी" म्हणणाऱ्याला घेऊ नका, तो स्वतःचा कार्यक्रम करतो. मागे रेलून मनमोकळं हसणारं माणूस शोधा. ओढून आणायचं नाही, चादरीचं एक टोक पुढे करून वाट बघायची. बाई असेल तर फार बरं, घडीची चाल तिला ठाऊक असते आणि चूक तुमची होते. वर आलेल्या माणसाची फजिती कधीही करायची नाही. त्याला जिंकवायचं आणि टाळी घेऊन खाली पाठवायचं. दोघींनी मिळून अर्धी घडी झाली की एकदम कौशल्य दाखवायचं: हातांवर उभं राहून ती चादर पायांच्या बोटांत पकडायची, ती पडद्यासारखी खाली लोंबते, मग पाय सावकाश पुढे आणत जमिनीला टेकवायचे आणि चादर आपोआप दुहेरी होते. हे चाळीस सेकंदांचं काम, पण आधी पाच मिनिटं तुम्ही धडपडल्या असाल तरच त्याला किंमत. सुरुवातीलाच हातांवर उभ्या राहिलात तर तो व्यायाम दिसतो. शेवटी चौथी घडी स्टुलावर ठेवायची, खालच्या तिन्ही घसरतात, आणि त्यांच्याकडे पाठ करून तुम्ही अभिमानाने निघून जायचं.

बिघडतं कुठे ते सांगतो. रेकॉर्डेड गाण्यावर हा आयटम बसवला की मरतो, कारण गाणं हशासाठी थांबत नाही. हशा चढतो, माथ्यावर जातो, उतरतो. तो निम्म्याहून जास्त उतरल्यावर पुढची हालचाल करायची, चढत असताना केली तर लोक हसणं गिळतात, पूर्ण थांबल्यावर केली तर पुन्हा ढकलावं लागतं. हे माप रोज बदलतं. त्यामुळे एक हलगीवाला किंवा ढोलकीवाला सोबत घ्या. तमाशातला सोंगाड्या ढोलकीच्या थापेवर वळतो, अडखळतो, पडतो, ती जुनी आणि अगदी अचूक व्यवस्था आहे. वाजवणाऱ्याने तुमच्या पायाकडे बघायचं, तोंडाकडे नाही, आणि प्रत्येक पावलाला थाप देऊ नये, नाहीतर मुख्य पडण्याच्या वेळी शिल्लक काही राहत नाही.

पडणंही शिकायचं असतं. हनुवटी छातीला, हात ताठ टेकायचा नाही, नितंबाची बाजू, मग पाठीची बाजू, आणि शेवटी तळहात जमिनीवर आपटायचा. आवाज त्या तळहाताचा, मार कुणालाच नाही. पाच सेंटिमीटरच्या गादीवर शंभरदा झाल्याशिवाय शाळेच्या शहाबादी फरशीवर करू नका. थप्पड खायची असेल तर आवाज खाणाऱ्याने स्वतःच्या छातीवर किंवा मांडीवर काढायचा, प्रेक्षकांपासून लांबच्या बाजूला.

रंगभूषा कमी. लाल नाक, भुवया, गालावर एखादी रेघ, एवढं तीस फुटांवरून वाचता येतं. पूर्ण पांढरा चेहरा सोलापूरच्या घामात पंधरा मिनिटांत फुटतो, आणि लहान मुलं त्याला घाबरतात ते वेगळंच. चेहऱ्यासाठीचेच रंग घ्या, पोस्टर कलर कदापि नको, नवीन रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. पावडर दाबून बसवायची, पुसायची नाही. काढताना आधी खोबरेल तेल, मग साबण.

शिकायचं कुठे, हा तुमचा उपप्रश्न. फ्रान्सची जाक लकोकची शारीरिक अभिनयाची शाळा 1956 पासून, माँट्रियलची राष्ट्रीय सर्कस शाळा 1981 पासून चालू आहे. दोन्हींचा खर्च मोठा, निवड कडक. तिथे जायचं तर स्वतःचा एक आयटम हातात घेऊन जा. देशात पुण्या-मुंबईतल्या छोट्या कार्यशाळा पुरेशा आहेत, पण नृत्यातून येणाऱ्यांना मी केरळच्या कूडियाट्टम या संस्कृत नाट्यप्रकाराकडे बोट दाखवेन. तिथला विदूषक संस्कृत श्लोक मल्याळममध्ये उलगडत तासन् तास लोकांना धरून ठेवतो. आणि जवळचं म्हणाल तर मोडनिंब तुमच्याच जिल्ह्यात आहे. ढोलकी आणि नाच एकमेकांना कसे ओढतात, ते तिथल्या संगीतबारीत, म्हणजे लावणीच्या फडात, बसून बघा.

स्टँडअपला अजून दीड वर्ष थांबा, पण वही आता सुरू करा. पंधरा मिनिटांचं लिहिलं की पाच मिनिटांचं बरं निघतं. तमाशातली बतावणी हा तुमच्यासाठी चांगला नमुना: एक सरळ विचारतो, दुसरा उलटं ऐकतो, वाक्य छोटं आणि हशाचा शब्द अगदी शेवटी. हशाच्या शब्दानंतर "म्हणजे", "असं" चिकटवलंत की निम्मा हशा गेला. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी हिंदी एकाच रांगेत बसलेल्या असतात. त्यामुळे शब्दांवर उभा विनोद शहराच्या पूर्व भागात एका तऱ्हेने चालतो आणि सात रस्ता भागाकडे दुसऱ्या. नुसता सोलापुरी "काय बे" टाकून पहिला हशा मिळतो, चौथ्यांदा नाही मिळत. भाषांचं एकमेकींवर आपटणं हा इथला खरा माल आहे, तो लिहा. कोणत्याही समाजाच्या उच्चारांची नक्कल हा मात्र त्यातला सगळ्यांत आळशी प्रकार. ओपन माइकसाठी पुण्याला जावं लागेल. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस सोयीची, पण परतीची हुतात्मा ओपन माइक सुरू व्हायच्या आधीच पुण्यातून सुटलेली असते. रात्रीच्या गाडीचं आरक्षण आधी बघा, मग नाव नोंदवा. प्रत्येक वेळी आवाज रेकॉर्ड करा आणि गाडीत ऐका: कुठे हसले, आणि तुम्ही त्यावर किती लवकर बोललात.

पैशाचं गणित हंगामावर चालतं. डिसेंबर ते फेब्रुवारी गॅदरिंग, जानेवारीत सिद्धेश्वरांचा गड्डा, लग्नसराई, एप्रिल-मेमध्ये उन्हाळी शिबिरं, मग गणपती-नवरात्र. जून ते ऑगस्ट रिकामा, नवा आयटम बसवायचा काळ तोच. पहिली दोन वर्षं निम्म्याहून जास्त मिळकत शिकवण्यातून येईल, त्यात कमीपणा नाही. भाव सांगताना आयटम, वाजवणारा, प्रवास, सामान असे वेगळे आकडे सांगा, म्हणजे घासाघीस झाली तरी कशावर झाली ते कळतं. निम्मी रक्कम तारीख पक्की करताना, उरलेली स्टेजवर जायच्या आधी. व्हॉट्सॲपवर लेखी घ्या: वेळ, किमान 12 बाय 12 फुटांची कोरडी जागा, छताची उंची, माइक, कपडे बदलायला बंद होणारी खोली. शेवटची अट बायकांनी कधीही सोडू नये. संस्था मानधनातून टीडीएस कापतात, साधारण दहा टक्के. रिटर्न भरलंत आणि कर लागत नसेल तर ते परत मिळतात, म्हणून कापल्याचं प्रमाणपत्र मागून ठेवा. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात तिकीट लावून बोलका प्रयोग करायची वेळ आली की संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, त्याला तारखेच्या बरंच आधी लागा. अपघात विमा काढताना "धोकादायक कामगिरी वगळून" अशी ओळ आहे का ते वाचा. बहुतेकांत असते, आणि मग त्या पॉलिसीचा तुम्हाला उपयोग नाही.

व्हिडिओ दोन करा. एक दोन मिनिटांचा, पहिल्या वीस सेकंदांत सगळ्यांत चांगलं. दुसरा पूर्ण आयटमचा, एकही कट नसलेला, चौथ्या रांगेच्या उंचीवर कॅमेरा रोवून, प्रेक्षकांच्या आवाजासकट. परदेशी कंपन्या दुसराच मागतात. सर्क दु सोले या कॅनडाच्या सर्कस कंपनीचा 'बझार' हा प्रयोग 2018 मध्ये मुंबईत सुरू झाला त्यात मल्लखांब होता, तेव्हा तुमची पार्श्वभूमी त्यांना अनोळखी नाही. आखातातून किंवा जहाजांवरून "डान्सर हवी" म्हणून येणाऱ्या एजंटांचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा, करारात रोजचे प्रयोग किती आणि राहण्याची सोय कुठे ते लिहून घ्या, आणि व्हिसाचं निमित्त सांगून कुणी पासपोर्ट ठेवून घेत असेल तर तिथूनच परत फिरा.